बॅकअप क्वार्टरबॅक पहिल्या दोन राऊंडात घ्यावा का? (एनएफएल ड्राफ्ट)

सदाशिव_फिली

मंडळी, ड्राफ्ट (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या टीम आळीपाळीनं कॉलेजची नवी पोरं निवडतात तो) तोंडावर आलाय आणि आमच्या फिलीच्या (फिलाडेल्फिया ईगल्सवाल्यांच्या) मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर दरवर्षीचा वाद पुन्हा पेटलाय, तिथे चार ओळींपुढे कोणी वाचत नाही म्हणून इथे धागा काढतोय. टीमकडे चांगला, भरपूर पगाराचा स्टार्टर (पहिल्या पसंतीचा) क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू आहे, तरी पहिल्या दोन राऊंडातला पिक (निवडीची पाळी) दुसऱ्या क्वार्टरबॅकवर घालावा का?

माझं उत्तर हो. का ते सविस्तर लिहितो.

जानेवारी २०२० ची सीहॉक्सविरुद्धची वाइल्डकार्ड मॅच आठवा. आमचा तेव्हाचा स्टार्टर क्वार्टरबॅक वेंट्झ, त्याच्या करिअरची पहिली प्लेऑफ मॅच, आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये त्यांचा क्लाउनी मागून आदळला, वेंट्झचं डोकं आपटलं, कन्कशन (मेंदूला मार), विषय संपला. आत कोण आलं तर जॉश मॅकाऊन, वय ४०. त्या माणसानं हॅमस्ट्रिंग हाडापासून सुटलेली असताना खेळ पूर्ण केला, त्याच्याबद्दल मला आयुष्यभर आदर राहील. पण आपण १७-९ ने हरलो, रेड झोनपर्यंत, म्हणजे विरोधी टोकाच्या जवळ जाऊन एकही टचडाऊन (बॉल टोकापार नेणं) नाही. बचाव फळीनं सीहॉक्सला १७ वर रोखून धरलेलं, म्हणजे मॅच हातातली होती हो.

मग एप्रिलमध्ये आमचे जीएम (खेळाडू निवडणारे जनरल मॅनेजर) रोझमननी ५३ नंबरला, म्हणजे दुसऱ्या राऊंडात, क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स घेतला तेव्हा इथे लोक खवळले. वेंट्झला आदल्या जूनमध्ये चार वर्षांचं १२८ मिलियन डॉलरचं एक्स्टेन्शन (वाढीव करार) दिलंय, मग हा कशाला? २०१७ ला गुडघा, २०१८ ला पाठ, २०२० ला डोकं. एवढं बघूनही "कशाला" विचारणाऱ्यांचं मला आजही नवल वाटतं.

पुढचं सगळ्यांना माहितीये. २०२० च्या सीझनला वेंट्झनी १२ मॅचमध्ये १५ इंटरसेप्शन (विरोधकांच्या हातात गेलेले थ्रो) टाकल्या, ५० सॅक खाल्ले (बॉल टाकण्याआधीच पाडला गेला), डिसेंबरमध्ये लँबोवर (ग्रीन बे पॅकर्सच्या मैदानावर) त्याला बसवला आणि हर्ट्सनी आत येऊन चौथ्या डाऊनला (शेवटच्या प्रयत्नाला) १८ यार्ड हवे असताना ग्रेग वॉर्डला ३२ यार्डांचा टचडाऊन टाकला. ती मॅच हरलो, पण टीमला क्वार्टरबॅक मिळाला. सुपर बोल ५७ (लीगची फायनल) ३८-३५ ने हुकलो, सुपर बोल ५९ ला चीफ्सना ४०-२२ ने धुतलं आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) हर्ट्स. ५३ नंबरला कुठलाही लाईनबॅकर किंवा कॉर्नर (दोन्ही बचावाच्या जागा) घेतला असता तरी हे झालं नसतं.

बोला.

लँबोची_लेक

धागा चांगला काढलात सदाशिवदादा, पण ही एका टीमची गोष्ट झाली. मी मिलवॉकीला राहते, ग्रीन बे पॅकर्सवाली, आमच्याकडे ह्या विषयावर घराघरात भांडणं झालीत. २०२० च्याच ड्राफ्टला, हर्ट्सच्या आदल्या दिवशी, आमच्या जीएम गुटेकुन्स्टनी ३० वरून २६ वर उडी मारली, वर चौथ्या राऊंडचा पिक दिला आणि क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला. आदल्या सीझनला आम्ही १३-३ होतो (१३ जिंकल्या, ३ हरल्या), कॉन्फरन्स फायनलला (सुपर बोलच्या आधीच्या सेमीफायनलला) हरलेलो. आमचा स्टार्टर क्वार्टरबॅक रॉजर्स, त्याला दावंते अॅडम्स सोडला तर भरवशाचा रिसीव्हर (थ्रो झेलणारा) नव्हता. त्या वर्षीचा रिसीव्हरचा वर्ग म्हणजे भरलेली पेठ होती, ३३ ला टी हिगिन्स गेला, ३४ ला पिटमन. आणि आम्ही सातही राऊंडात एक रिसीव्हर घेतला नाही. एकही नाही!

पुढे काय झालं? रॉजर्सनी ४८ टचडाऊन, ५ इंटरसेप्शन टाकून एमव्हीपी घेतला. पुन्हा १३-३, पुन्हा कॉन्फरन्स फायनल, ह्या वेळी घरच्या मैदानावर ब्रेडीच्या टँपा बेविरुद्ध, आणि ३१-२६ ने हरलो. त्या सीझनला लव्ह एकाही मॅचला युनिफॉर्ममध्ये सुद्धा नव्हता, सोळाच्या सोळा मॅच इनअॅक्टिव्ह. तुमची ती हर्ट्सची लँबोवाली मॅच, तेव्हाही तो तसाच बाजूला बसलेला. ज्या वर्षी टीम सुपर बोलच्या दारात उभी आहे त्या वर्षीचा पहिल्या राऊंडचा पिक पूर्ण वर्ष ट्रॅकसूटमध्ये, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

प्लेनोकर

लँबोताईंशी अर्धा सहमत. मी डॅलसवाला, काऊबॉईजचा. आमचा अनुभव सांगतो, त्यात दोन्ही बाजू येतात.

२०१५ ला आमचा स्टार्टर क्वार्टरबॅक रोमो, त्याचं कॉलरबोन दोनदा मोडलं. रोमो खेळला तेव्हा ३-१, तो नसताना १-११. वीडन, कॅसल, केलन मूर, तिघा बॅकअपनी मिळून एक मॅच जिंकली. डेझ ब्रायंट, विटन, लीगमधली सगळ्यात भारी ओ-लाईन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी), सगळं होतं आणि सीझन ४-१२. त्यामुळे बॅकअपकडे दुर्लक्ष करा असं मला कोणी सांगू नये.

पण मग २०१६ च्या ड्राफ्टला काय झालं ते बघा. आमच्या मालकांना, जेरी जोन्सना, पहिल्या राऊंडच्या शेवटी वर जाऊन क्वार्टरबॅक पॅक्स्टन लिंच घ्यायचा होता. ब्रॉंकोसनी २६ ला आधी उचलला. मग चौथ्या राऊंडला कॉनर कुक घ्यायचा बेत होता, रेडर्सनी आमच्या बरोब्बर एक नंबर आधी १०० ला येऊन तो नेला. मग १३५ ला डॅक प्रेस्कॉट आला. ऑगस्टमध्ये केलन मूरचा पाय मोडला, प्रीसीझनला सिॲटलमध्ये रोमोची पाठ गेली, आणि डॅकनी १३-३ काढले. लिंच डेन्व्हरला जेमतेम चार मॅच स्टार्ट झाला आणि गायब.

म्हणजे आमच्या मालकाच्या मनासारखं झालं असतं तर दुसऱ्या राऊंडचा पिकही गेला असता, वर अजून एक पिक गेला असता, आणि हातात लिंच. माझं म्हणणं असं की बॅकअप क्यूबी (क्वार्टरबॅक) जरूर घ्या, दर एक-दोन वर्षांनी घ्या, पण चौथ्या राऊंडात किंवा नंतर घ्या. कोण चालणार हे जीएम लोकांनाच कळत नाही तर महागडा पिक का घालायचा.

औंधचा_अथर्व

मी पुण्यातून बघतो, दोन सीझन झाले बघायला लागून, पहाटे उठून. दोन बेसिक शंका आहेत, हसू नका. एक म्हणजे दुसऱ्या राऊंडच्या एका पिकसाठी एवढं जीव का काढतात लोक, सात राऊंड असतात ना? दुसरं, बॅकअप म्हणजे आपल्या क्रिकेट टीममधला राखीव विकेटकीपर, बरोबर? तो तर कोणी पहिल्या पसंतीनं निवडत नाही, पहिला कीपर पक्का असला की दुसरा कोणीही बरा चालतो.

प्लेनोकर

अथर्व, हसायचं काय त्यात, शंका बरोबर आहेत.

पिकचं असं आहे की किंमत फार झपाट्यानं उतरते. जिमी जॉन्सन काऊबॉईजचा कोच असताना ट्रेडसाठी एक पॉइंटचा तक्ता वापरायचे, आजही लोक तो दाखवतात. त्यात पहिल्या पिकला ३००० पॉइंट, ३३ नंबरला म्हणजे दुसऱ्या राऊंडच्या पहिल्याला ५८०, आणि ६५ ला, म्हणजे तिसऱ्या राऊंडच्या पहिल्याला २६५. ३२ पिकमध्ये अर्ध्याहून खाली. शिवाय पैसा. २०११ च्या करारापासून रुकीचा (नव्या खेळाडूचा) पगार पिकच्या नंबरवर ठरतो, चार वर्षं बांधलेला. २०२५ ला पूर्ण टीमचा सॅलरी कॅप (पगाराची मर्यादा) २७९.२ मिलियन होता आणि वरचे क्यूबी एकटेच वर्षाला ५० मिलियनच्या पुढे करार करतात. त्यामुळे दुसऱ्या राऊंडचा पोरगा जर चांगला गार्ड किंवा कॉर्नर निघाला तर चार वर्षं टीमला स्वस्तात स्टार्टर मिळतो. तो पिक बाकावर बसवला तर ती स्वस्त वर्षं गेली.

सदाशिव_फिली

विकेटकीपरचं मी सांगतो. राखीव कीपर रणजी खेळतो, आयपीएल खेळतो, त्याला दुसरीकडे मॅच मिळतात. एनएफएलच्या बॅकअपला कुठेच मॅच मिळत नाही. ऑगस्टमधल्या प्रीसीझनच्या मॅच सोडल्या तर काहीच नाही. सीझन सुरू झाला की आठवड्याच्या प्रॅक्टिसमध्ये पहिल्या टीमबरोबरचे जवळजवळ सगळे रेप्स (सरावाच्या खेळी) स्टार्टरला, बॅकअप स्काऊट टीम चालवतो म्हणजे पुढच्या रविवारच्या विरोधी टीमच्या प्ले कार्डावर बघून टाकतो. स्वतःच्या टीमच्या प्लेबुकची प्रॅक्टिस त्याला मिळतच नाही. अशा माणसाला रविवारी दुसऱ्या क्वार्टरमध्ये थंड अंगानं आत सोडतात. म्हणून "कोणीही बरा चालतो" इथे लागू होत नाही, मुळात ज्याच्या अंगात जास्त आहे तोच टिकतो. तो आधीच्या राऊंडात मिळतो, निदान मिळायची शक्यता तरी जास्त.

प्लेनोकर, डॅक १३५ ला मिळाला हे खरं, पण दर डॅकमागे चौथ्या-पाचव्या राऊंडातले किती क्यूबी आले आणि गेले, नावंही आठवत नाहीत.

इंडीकर

आमच्या इंडियानापोलिस कोल्ट्सच्या २०११ बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचा क्यूबी पेटन मॅनिंग १९९८ पासून २०१० पर्यंत एकही मॅच चुकला नव्हता, २०८ सलग. त्यामुळे टीमनी बॅकअपचा विचारच कधी केला नाही, सहाव्या राऊंडातला कर्टिस पेंटर वगैरे. मग मानेचं ऑपरेशन झालं, मॅनिंग पूर्ण सीझन बाहेर. ऑगस्टमध्ये रिटायर झालेल्या केरी कॉलिन्सला बोलावून आणलं. सलग १३ मॅच हरलो. तेरा. शेवटी २-१४. आदल्या सीझनला प्लेऑफला होतो, तीच टीम. नंतर पहिल्या पिकला क्यूबी अँड्र्यू लक मिळाला म्हणून लोक ते विसरले, पण त्या सीझनला ल्यूकस ऑइलमध्ये बसून बघितलंय ते विसरता येत नाही. कोचची नोकरी गेली, जीएमची गेली, मॅनिंग डेन्व्हरला गेला.

जेट्सचं २०२३ पण तेच. पॅकर्सकडून आलेला रॉजर्स चौथ्या स्नॅपला (खेळीला) गेला, अकिलीस (टाचेमागची कंडरा) फाटली. चौथ्या! पुढे झॅक विल्सन आणि ७-१०.

लँबोची_लेक

इंडीकर, तुमचं दुःख कळतं, पण २०११ ला दुसऱ्या राऊंडचा एखादा पोरगा बाकावर असता तर काय झालं असतं? २-१४ ऐवजी ६-१० झाले असते आणि लक मिळाला नसता. पूर्ण सीझन स्टार्टर गेला तर कुठलाही बॅकअप टीमला सुपर बोलला नेत नाही.

सदाशिव_फिली

ताई, आमचा बॅकअप निक फोल्स!!! २०१७, डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला वेंट्झचा गुडघा गेला, फोल्सनी प्लेऑफ काढले आणि ब्रेडीच्या पेट्रिअट्सना ४१-३३ ने हरवलं, सुपर बोलचा एमव्हीपी तोच. आमच्या गावात पुतळा आहे त्याचा स्टेडियमबाहेर, कोच पीडरसनबरोबर उभा.

प्लेनोकर

दादा पण फोल्स २०१७ ला तुम्ही ड्राफ्ट नव्हता केलेला. २०१२ ला तिसऱ्या राऊंडात घेतलेला, मग सोडलेला, तो सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी फिरून फ्री एजंट म्हणून परत आला. म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. अनुभवी माणूस पगार देऊन आणा, पिक वाचवा. २०२३ ला ब्राऊन्सनी जो फ्लॅकोला नोव्हेंबरमध्ये घरून बोलावला, त्यानी पाचपैकी चार मॅच जिंकून प्लेऑफला नेलं. तुमच्याच २०२४ च्या टीममध्ये केनी पिकेट होता, स्टीलर्सनी पहिल्या राऊंडात घेतलेला, तुम्हाला ट्रेडमध्ये मिळाला. हर्ट्सला कन्कशन झालं तेव्हा पिकेटनी आम्हाला ४१-७ ने मारलं, बघितलंय मी ते, अजून त्रास होतो. त्यानंतर तो जखमी झाला तर सहाव्या राऊंडातला मॅकी आला आणि त्यानीही टचडाऊन टाकले. ह्यात पहिल्या दोन राऊंडातला तुमचा पिक कुठे लागला?

पीचट्री_मावशी

वाचतेय सगळं. अटलांटाचं कोणीतरी लिहील म्हणून थांबले होते, कोणी लिहीत नाही तर मीच लिहिते.

मार्च २०२४, कर्क कझिन्सला चार वर्षांचा १८० मिलियनचा करार, त्यातले १०० मिलियन गॅरंटीड. माणूस अकिलीस फाटून नुकताच उठलेला, तरी ठीक, क्यूबी हवाच होता, आम्ही सगळे खूश. एप्रिलमध्ये ८ नंबरला अजून एक क्यूबी, मायकल पेनिक्स. आमच्याकडे ड्राफ्टची पार्टी होती, सगळी बायकामंडळी सुद्धा टीव्हीसमोर, आणि नाव वाचल्यावर खोलीत कोणी बोलेना. वाईट ह्याचं वाटलं की त्या रात्री पहिल्या १४ पिकमध्ये एकही बचावाचा खेळाडू गेला नाही, पहिला गेला तो १५ ला लायाटू लाटू, इंडीकरांच्या कोल्ट्सकडे. म्हणजे ८ ला बसून पूर्ण देशातला कुठलाही पास रशर आम्हाला मिळत होता. अख्ख्या बाजारात पहिला हात आमचा! वर्षानुवर्षं आमच्याकडे क्यूबीला पाडणारा माणूस नाही, आणि आम्ही अशा खुर्चीवर दुसरा माणूस बसवला जिच्यावर १०० मिलियन आधीच ठेवले होते.

कझिन्स नोव्हेंबरपासून घसरला, डिसेंबरमध्ये बसवला, पेनिक्स खेळला, ८-९, प्लेऑफ नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पेनिक्सचा गुडघा गेला आणि परत कझिन्स. काही लोक म्हणतात बघा, दोघं होते म्हणून निभावलं. मला विचाराल तर दोघांवर मिळून जेवढं घातलं त्यात एक चांगला क्यूबी आणि एक पास रशर दोन्ही आले असते.

औंधचा_अथर्व

मावशी, हे वाचून मला सदाशिवदादांना विचारायचंय. वेंट्झला पण पैसे दिल्यावर लगेच हर्ट्स घेतला, कझिन्सला पैसे दिल्यावर लगेच पेनिक्स घेतला. मग एक बरोबर आणि एक चूक कसं?

सदाशिव_फिली

अथर्व, लाख मोलाचा प्रश्न विचारलास, आणि ह्यावरच मला खरं लिहायचं होतं.

फरक दोन. पहिला, ८ नंबर आणि ५३ नंबर. आठव्या पिकनी क्यूबी घेतला की त्याला खेळवावंच लागतं, पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही लागलेली असते, तो बॅकअप राहूच शकत नाही. ५३ चा पोरगा दोन वर्षं शांतपणे मागे राहू शकतो आणि नाही चालला तर टीम बुडत नाही. दुसरा, अटलांटानं एकाच वसंतात, साधारण सहा आठवड्यांत, दोन्ही खर्च केले. वेंट्झ टीमकडे चार वर्षं होता, त्याच्या दुखापती, त्याचा स्वभाव, दबावाखाली तो बॉल किती वेळ धरून ठेवतो, सगळं आतल्या लोकांनी रोज बघितलेलं. कझिन्सनी अटलांटासाठी एक स्नॅपही खेळला नव्हता. ज्याला तुम्ही अजून बघितलंच नाही त्याच्या जागी माणूस कशाच्या आधारावर शोधताय? मग पैसे तरी देऊ नका.

आणि ईगल्सचं २०२० चं खरं दुखणं सांगू का? त्या ड्राफ्टबद्दल हर्ट्सवरून ओरडणाऱ्यांनी २१ नंबरबद्दल बोलावं. तिथे रिसीव्हर जेलन रेगर घेतला आणि पुढच्याच पिकला व्हायकिंग्सनी जस्टिन जेफरसन नेला. "क्यूबी नको, रिसीव्हर घ्या" असं म्हणणाऱ्यांना रिसीव्हर मिळाला होता की पहिल्या राऊंडात! गरजेच्या जागेवर घेतलेला पिक आपोआप चांगला ठरत नाही.

नाखवा_नाईनर

बे एरियातून, सॅन फ्रान्सिस्को नाईनर्सवाला. सदाशिव, तुझ्या हर्ट्सच्या टीमविरुद्धचीच मॅच सांगतो, जानेवारी २०२३, फिलीत कॉन्फरन्स फायनल. आमचा क्यूबी लान्स सप्टेंबरमध्ये घोटा मोडून बाहेर, गरोपलो डिसेंबरमध्ये पाऊल मोडून बाहेर, तिसरा ब्रॉक पर्डी खेळत होता, ड्राफ्टचा शेवटचा पिक, २६२. पहिल्याच ड्राईव्हला तुमच्या रेडिकनी त्याच्या हाताला मागून मारलं, कोपराचं लिगामेंट गेलं. चौथा जॉश जॉन्सन आला, त्याला तिसऱ्या क्वार्टरला कन्कशन. मग पर्डीला परत पाठवला, ज्याला बॉल टाकताच येत नव्हता. पूर्ण स्टेडियमला माहिती होतं की आता फक्त हँडऑफ (बॉल शेजारच्याच्या हातात देणं) होणार. ३१-७. कॉन्फरन्स फायनलला क्वार्टरबॅक नसलेली टीम, मी असं कधी बघितलं नव्हतं. त्यानंतरच लीगनं तिसऱ्या इमर्जन्सी क्यूबीचा नियम परत आणला, २०२३ पासून.

आता ह्यातनं धडा काय? लान्सवर तीन पहिल्या राऊंडचे पिक घातलेले, तो वाया गेला. पर्डीवर काहीच घातलं नव्हतं, तो स्टार झाला. त्यामुळे प्लेनोकरसारखं म्हणायचा मोह होतो. पण मी तसं म्हणणार नाही, कारण एक पर्डी दाखवून सातव्या राऊंडात क्यूबी शोधणं हे धोरण होऊ शकत नाही. आमच्या कोच शॅनहानच्या सिस्टिममध्ये पोरगं बसलं ह्याचं श्रेय सिस्टिमला जास्त. कोच तयार करणारा असेल तर राऊंड कुठला ह्याला कमी महत्त्व, नसेल तर पहिल्या राऊंडचाही सडतो. क्यूबी हॅकेनबर्ग आठवा, जेट्सनी २०१६ ला ५१ नंबरला घेतला आणि रेग्युलर सीझनचा एक स्नॅप न खेळता गेला. दुसऱ्या राऊंडचा पिक, शून्य स्नॅप.

लँबोची_लेक

नाखवा +१. आणि सिस्टिमचं म्हणाल तर जीएम रॉन वूल्फच्या काळात आमच्याकडे हेच चालायचं. क्यूबी फाव्र खेळतोय, एक मॅच चुकत नाही, तरी मागे पोरं घेत राहायचे, पण वरच्या राऊंडात नाही. ब्रुनेल १९९३ ला पाचव्यात, हॅसलबेक १९९८ ला सहाव्यात, अॅरन ब्रूक्स १९९९ ला चौथ्यात. तिघंही दुसऱ्या टीमना विकले आणि तिघंही तिकडे स्टार्टर झाले. पिक स्वस्त, शिकवण चांगली, विकून परत पिक. हे खरं शहाणपण.

सदाशिव_फिली

ताई, आणि २००५? २४ नंबरला रॉजर्स? फाव्र तेव्हा खेळत होता ना? तेव्हाही तुमच्या गावात लोक असंच ओरडत होते ना, की एक चांगला खेळाडू द्या, फाव्रला अजून एक सुपर बोल जिंकू द्या? तीन वर्षं बसला आणि मग सुपर बोल ४५. तो पिक चुकीचा होता का?

लँबोची_लेक

तो पिक चुकीचा नव्हता. पण तिथे फाव्र ३५ वर्षांचा होता आणि दर उन्हाळ्यात रिटायर होऊ का नको चाललेलं. आणि रॉजर्स पहिल्या नंबरला जाईल म्हणत होते तो घसरत २४ ला आला, आम्ही वर जाऊन पिक देऊन घेतला नव्हता, तो चालत दारात आला. २०२० ला रॉजर्स ३६ चा होता पण त्याचा करार २०१८ ला झालेला, लांबवर बांधलेला.

लव्ह वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. २०२३ ला त्यानी ३२ टचडाऊन टाकले, प्लेऑफला डॅलसला जाऊन प्लेनोकरांच्या टीमला ४८-३२ ने मारलं, मी नाचले. पोरगं गुणी आहे. पण त्याच्या कराराचं गणित कसं बिघडलं ते बघा, हे कोणी बोलत नाही. पहिल्या राऊंडच्या खेळाडूला चार वर्षं आणि वर पाचव्या वर्षाचा ऑप्शन. तो ऑप्शन घ्यायचा का हे तीन सीझन झाल्यावर मे महिन्यात ठरवावं लागतं. मे २०२३ ला लव्हनी करिअरमध्ये फक्त एक मॅच स्टार्ट केलेली, २०२१ ला कॅन्सस सिटीत, १३-७ ने हरलेली. एका मॅचवर २० मिलियनचा निर्णय घ्यायचा? शेवटी गुटेकुन्स्टनी ऑप्शन न घेता मध्यम मार्ग काढला, एक वर्षाचं एक्स्टेन्शन, जास्तीत जास्त २२.५ मिलियन. मग एक सीझन खेळला आणि २०२४ च्या जुलैमध्ये चार वर्षांचे २२० मिलियन. म्हणजे स्वस्त रुकी क्यूबीचा जो फायदा सगळे सांगतात तो आम्हाला किती मिळाला? एक सीझन. बाकी तीन वर्षं तो स्वस्तात बसून होता.

प्लेनोकर

हे भारी लिहिलंत ताई. हाच मुद्दा मला मांडता येत नव्हता.

सदाशिव_फिली

मान्य, मुद्दा खरा आहे, पण त्याचा अर्थ "घेऊ नका" असा निघत नाही, "वेळ बघून घ्या" असा निघतो. २०१७ चे चीफ्स बघा. त्यांचा स्टार्टर अॅलेक्स स्मिथच्या करारात २०१८ पर्यंतच वर्षं होती, त्याला एका सीझननंतर विकता येणार हे कोच अँडी रीडला माहिती होतं. २७ वरून १० वर उडी मारली, त्यासाठी तिसऱ्या राऊंडचा आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या राऊंडचा पिक बफेलोला दिला, माहोम्स घेतला. स्मिथनी त्या वर्षी लीगमधलं सगळ्यात चांगलं पासर रेटिंग काढलं, १०४.७, पोरगा मागे बसून शिकला, शेवटची एक मॅच डेन्व्हरला खेळला, आणि पुढच्या जानेवारीत स्मिथला वॉशिंग्टनला विकून वर कॉर्नर केंडल फुलर आणि तिसऱ्या राऊंडचा पिक घेतला. एक वर्ष बसवला, तरी स्वस्त रुकी कराराची तीन वर्षं उरली. स्टार्टरचे गॅरंटीड पैसे संपायला एक, फार तर दोन वर्षं उरली असतील तर पहिल्या दोन राऊंडात घ्या, खुशाल घ्या, लोक ओरडले तरी घ्या. तीन-चार वर्षं उरली असतील तर फक्त दुखापतीचा इतिहास असेल तरच, आणि तेही दुसऱ्या राऊंडाच्या आधी नाही.

आणि ताई, टँपाविरुद्धची ती मॅच रिसीव्हर नव्हता म्हणून नाही हरलात. हाफच्या शेवटच्या क्षणी तुमच्या केव्हिन किंगला मागे टाकून टँपाच्या स्कॉटी मिलरनी ३९ यार्डांचा टचडाऊन घेतला. तुमच्या ओ-लाईनचा बख्तियारी जखमी. आणि दोन मिनिटं पाच सेकंद राहिलेली, आठ यार्डांवर चौथा डाऊन, आठ पॉइंट मागे, एमव्हीपी क्यूबी मैदानात, आणि तुमचा कोच लाफ्लर फील्ड गोल (फक्त तीन पॉइंट) मारतो. बॉल परत मिळालाच नाही. हिगिन्स असता तरी कोचनी त्याच्याकडे बॉल टाकू दिला असता का?

लँबोची_लेक

तो फील्ड गोल मी विसरायचा प्रयत्न करतेय हो दादा.

पण हिगिन्स असता तर चौथा डाऊन आलाच नसता. तिसऱ्या डाऊनला रॉजर्सनी अॅडम्सकडेच टाकला, कारण दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता, दोन माणसं अंगावर असताना. माझं मत तेच, टीम जिंकायच्या दारात असेल तर त्या वर्षी नाही. तुमचा एक-दोन वर्षांचा हिशोब मला पटतो, त्यात एवढं घाला.

पीचट्री_मावशी

लँबो, हे मात्र शंभर टक्के. आणि सदाशिव, दुसऱ्या राऊंडच्या आधी नाही हे तुमच्या तोंडून आलं ह्याचा मला आनंद झाला, हेच आमच्या जीएमला कोणी २०२४ ला सांगायला हवं होतं.

इंडीकर

न्यू इंग्लंडचं (पेट्रिअट्सचं) पण ह्यात बसतं. २०१४ ला गरोपलो ६२ ला, तेव्हा ब्रेडी ३७ चा होणार होता. ब्रेडी संपलाच नाही. साडेतीन वर्षांनी गरोपलोला नाईनर्सना विकला, मिळाला काय तर दुसऱ्या राऊंडचा पिक. जो घातला तसाच परत आला, मधल्या काळात ब्रेडी सस्पेंड असताना २०१६ ला दोन मॅच जिंकून दिल्या. तोटा काय झाला सांगा. दुसऱ्या राऊंडचा क्यूबी थोडा जरी चांगला दिसला तरी त्याला गिऱ्हाईक असतं, गार्डला नसतं.

प्लेनोकर

गरोपलोला गिऱ्हाईक होतं, हॅकेनबर्गला नव्हतं. मी चौथ्या राऊंडवर कायम. पण धागा उत्तम झाला, बऱ्याच दिवसांनी इथे फुटबॉलवर कोणीतरी मन लावून लिहितंय.

औंधचा_अथर्व

खूप शिकायला मिळालं सगळ्यांकडून, मनापासून धन्यवाद. आता ड्राफ्ट बघताना पगारदार क्यूबीवाल्या टीमनी दुसऱ्या राऊंडात क्यूबी घेतला तर आधी स्टार्टरचा करार किती वर्षांचा आहे ते बघीन. तीनही दिवस इकडे किती वाजता दिसतं? पहिला दिवस पहाटे साडेपाचला एवढं माहितीये.

प्लेनोकर

दुसरा दिवस, म्हणजे दुसरा-तिसरा राऊंड, तुमच्याकडे शनिवारी पहाटे साडेचारला. चौथा ते सातवा राऊंड शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतो, तो जेवून निवांत बघता येईल. माझं ऐक, तो बघच.